दुधासोबतची गोळी

माझी बायको द्वारकाबाई हिला कंपवात होता. हात थरथरायचा, पण खरी तकलीफ तो अडकायचा त्याची. सुई कापडात घातली की हात तिथंच थांबायचा.

नात आरोही हिंगोलीत नर्सिंग शिकते. दिवाळीला ती शिरड शहापूरला आली, तेव्हा तिच्यासाठी शिवायला धरलेली गोधडी निम्मीच झाली होती. सुटी दहा दिवसांची. द्वारकाबाईचं एकच म्हणणं, गोधडी पोरीसंगच जाईल.

सकाळी मी रोजच्यासारखी गोळी आणि म्हशीच्या दुधाचा पेला नेला.

"आबा, दूध काहून?"

"गोळी गरम पडती, माय. डॉक्टर म्हणले होते उपाशीपोटी, पण त्यांना काय, बायको माझी हाय."

आरोहीनं पेला बाजूला ठेवला.

"डोक्यातल्या दोन पेशी एकमेकींला चिकटलेल्या नसतात. मधी फट असते, केसाहून कितीतरी बारीक. अलीकडची पेशी डोपामीन नावाचं रसायन सोडते, पलीकडची ते ओळखते, तवा निरोप पुढं जातो. आजीचं डोपामीन कमी पडून राहिलंय. गोळीपासून ते डोक्यात तयार होतं. पण दुधातली प्रथिनं आन् गोळी एकाच दारानं आत जातात. दुधाची गर्दी झाली की गोळी बाहेर ताटकळते."

"म्हंजे वरीसभर तुमी मला म्हैस पाजली आन् गोळी दारात उभी केली," द्वारकाबाई म्हणाली. "माझ्या हातून असं झालं असतं तर गाव गोळा केलं असतं."

मी पेला उचलून आत नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून गोळी पाण्यासोबत, खाणं तासाभरानं. चौथ्या सकाळी ती ओट्यावर बसली. मी सुई ओवून दिली. एक टाका गेला, दुसरा गेला, मग धावदोरा सुरूच झाला. चाळीस वर्षं तिला शिवताना पाहत आलो, पण नीट बघितलं त्या दिवशी. एका टाक्यासाठी किती पेशी, किती फटी, आणि सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. एवढा मोठा कारभार, आणि ती तर गप्पा मारत शिवत होती.

दहाव्या दिवशी आरोही गोधडी घेऊन जीपमध्ये बसली. एक कोपरा वाकडा होता. तो तसाच राहू दे, पोरगी म्हणाली.

मागच्या पौषात द्वारकाबाई न्यूमोनियानं गेली.

अजून साडेसहाला मी पेल्यात पाणी ओततो आणि हात गोळ्यांच्या डब्याकडं जातो. ती नाही हे मला आठवायच्या आधी जातो. कुणी सांगितलं त्याला? आतून निरोप बराबर आलेला असतो.

मग ते पाणी मी पितो.