जिनिंगचा षड्ज

अकोटहून एसटीने अमरावतीला पोचेपर्यंत माधवीने एकच गोष्ट ठरवली होती: आवाज चढवायचा नाही. दोघांच्या अल्बमची अंतिम प्रत केयूरने काल पाठवली होती. उद्या तो प्रसिद्ध व्हायचा होता. आठ गाणी तिची, वडिलांच्या बँजोवर, घरच्या जुन्या टेपरेकॉर्डरसमोर म्हटलेली. त्यांच्याभोवती केयूरचे सायकेडेलिक पॉप: विरघळणारे सिंथ, उलटे वाजणारे ढोल, स्वप्नातून आल्यासारखे प्रतिध्वनी. कॅसेटची खरखर आणि हा धूसर झगमगाट यांची सोयरीक जमेल, असे वर्षभर दोघांनाही वाटत आले होते.

केयूरच्या घरात दुरुस्ती हा वंशपरंपरागत व्यवसाय होता. पणजोबांनी लोकांचे मुहूर्त सुधारले, आजोबांनी शाळेत दोन पिढ्यांच्या वह्यांतली वऱ्हाडी लाल शाईने खोडली, वडील न्यायालयात करारनामे सुधारत. केयूरने त्यासाठी लॅपटॉप घेतला होता, इतकेच.

“ताई, किती स्वच्छ झालंय ना?” माधवी घरात येऊन बसताच त्याने विचारले.

“झालं खरं. धुवून वाळत घातल्यावानी. मागचा घरघराट कुठी गेला?”

“तो जिनिंगचा? काढला. खरखर ठेवलीय, ती छान वाटते. पण तो काढल्यावर बँजो बेसूर वाटायला लागला, म्हणून पट्टीत बसवला. मग तुमचा आवाजही.”

“म्हंजे माह्या बाबालेबी सुरात आनलं तू.”

केयूर हसला, आणि तिच्याकडे पाहून थांबला.

माधवीच्या वडिलांनी, बुधाजींनी, सव्वीस वर्षे सरकी-कापूस वेगळा करणाऱ्या त्या जिनिंगमध्ये काढली. घर भिंतीपलीकडेच. पेटी घरात नव्हती. हंगामात यंत्राचा जो अखंड हुंकार भिंतीतून येई, त्यालाच षड्ज मानून ते बँजोच्या तारा पिळत. माधवीनेही तेच केले होते. तो सूर पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधोमध राहत असे. पेटीने त्याला कधी जागा दिली नव्हती.

हे सारे तिने थंडपणे सांगितले. “तंबोरा तू उचलून नेला, अन् मंग गानारीले बेसूर म्हनून राह्यला.”

“पण माझे सिंथ सगळे पांढरी पाचला आहेत. आठही गाणी पुन्हा करावी लागतील. उद्याची तारीख आहे, ताई.”

“मंग तुहे सूर सरकव. दर खेपेले आमीच काहून सरकाव? नसंल जमत तं माही गानी काढून दे. मी वापस जातो.”

केयूरने लॅपटॉप पुढे ओढला. मग त्याने मूळ ध्वनिमुद्रण उघडले. खोली हुंकाराने भरली.

“केयूर, वरची मोटर चालू राहिली का रे?” स्वयंपाकघरातून त्याच्या आईने, विमलताईंनी, विचारले.

“मोटर नाही, आई. षड्ज आहे.”

त्याने सिंथ किंचित वर ओढला. माधवीने पिशवीतून बँजो काढून तार छेडली.

“अजून.”

त्याने ओढला.

“जराक.”

तिसऱ्यांदा सिंथ त्या हुंकारात असा मिसळला, की वेगळा ऐकूच येईना.

केयूरने फोन उचलून उद्याची तारीख रद्द केली.

“एक झालं,” माधवी म्हणाली. “सात राह्यले.” आणि तिने बँजो मांडीवर नीट घेतला.