वारं लागावं म्हणून

"अहो, तुम्ही?" बायको म्हणाली आणि तिनं समोरची बाटली टॉवेलखाली सरकवली. टॉवेल हात पुसायचा होता; बाटली चांगली मोठी होती.

कारखान्याचा बॉयलर बंद पडल्यामुळे तो दुपारीच घरी आला होता. टेबलाभोवती बायको, मुलगी आणि सासूबाई अशी घराची अख्खी कार्यकारिणी बसलेली. तिघींच्या ताटांत काहीतरी लालभडक, तिघींची नाकंही त्याच रंगाची, आणि घरभर तळलेल्या मिरचीचा नि लसणाचा वास कोंडलेला.

तो सॉसच्या कारखान्यात चव तपासायचा. व्हिनेगरातलं तिखट, धुरावलेल्या मिरचीचं, बरणीत आंबवलेलं, तेलात तळलेलं; कुठल्या कुठल्या मुलखांतल्या तिखटांच्या नकला तिथे एकाच छपराखाली होत. त्याच्या जिभेवरून गेल्याशिवाय एकही घाणा बाटलीत जात नसे. जिभेला हाड नसतं म्हणतात. त्याच्या जिभेला पगार होता. ती शाबूत राहावी म्हणून लग्नाआधीच त्यानं तिखट सोडलं आणि लग्नानंतर घराला सोडायला लावलं. मिरची घरात शिरली की नुसत्या वासानं जीभ बोथट होते, असं त्याचं मत होतं. बायकोनं मान डोलावली होती. तेव्हापासून उकडलेलं गाजर, उकडलेला वाटाणा, मीठ बेताचं. "माझं एकट्याचं नाही हो, अख्ख्या घराचं व्रत आहे," असं तो कारखान्यात अभिमानानं सांगे.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"आजच, जरा..." बायको म्हणाली.

"आई, आधी नाक पूस, मग खोटं बोल," मुलगी म्हणाली. "बाबा, मला दात आले तेव्हापासून."

"दुधाचे की पक्के ते मात्र विचारू नका, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या.

त्यानं टॉवेल उचलला. बाटली दुसऱ्याच कंपनीची होती. नाकाला मिरच्या झोंबणं म्हणजे काय, हे त्याला आजवर फक्त धंद्यापुरतं ठाऊक होतं.

"निदान आमची तरी आणायची."

"आम्ही आणायचो की पूर्वी," बायको हळूच म्हणाली. "मग ती गोड होत गेली."

"गोड?"

"दरवर्षी थोडी थोडी. फिकं खाऊन खाऊन तुम्हाला जरासंही झोंबायला लागलं. मग तुम्ही तिकडे मिरची कमी करायला सांगणार. आता दुकानात ती जॅमच्या शेजारी असते."

"मला सांगायचं नाही?"

"कसं सांगणार? तुला कसं कळलं, हेच आधी विचारलं असतंत ना."

सवयीनं त्यानं पाण्यानं तोंड खळबळलं, चमच्याच्या टोकावर बाटलीतलं थेंबभर घेतलं, जिभेवर फिरवलं आणि बेसिनमध्ये थुंकलं.

"मिरची जास्त आहे," तो म्हणाला.

तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या. सासूबाई तर तेच बोटानं चाटत होत्या.

रोज संध्याकाळी तो यायचा तेव्हा घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या असायच्या. "दमून येता, वारं लागावं म्हणून," बायको म्हणायची. कडाक्याच्या थंडीतही उघड्या असायच्या. त्यानं स्वेटरवर स्वेटर घालून हे प्रेम सोसलं होतं. आज खिडक्या बंद होत्या. अजून त्याची यायची वेळ झाली नव्हती.

रात्री तिघींनीही आपापल्या ताटात उकडलेलं गाजर वाढून घेतलं. शिक्षा भोगावी तशा सासूबाई एकेक फोड चावत होत्या. मग तो उठला, ओट्यावरची बाटली आणली, झाकण उघडून ती सासूबाईंच्या पुढ्यात ठेवली आणि आपल्या वाटाण्यांकडे वळला.

वास पसरला तशी बायको सवयीनं उठली आणि तिनं खिडकी उघडली.

"राहू दे," तो म्हणाला.

त्यानं स्वतः जाऊन खिडकी लावली, कडी घातली आणि परत येऊन ताटावर बसला.