लिफ्टमनचं घरून काम

साथीमुळे विद्यापीठाला कुलूप लागलं आणि तिसऱ्या आठवड्यात कुलसचिवांचं पत्रक आलं: जे कंत्राटी कर्मचारी घरून काम करू शकत नाहीत, त्यांची पदं रद्द होतील. असे चाळीस जण होते. माळी, प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणाऱ्या बायका, तासाची घंटा देणारा शिपाई, ग्रंथालयाच्या इमारतीतले लिफ्टमनकाका. घंटा घरून कशी द्यायची, हे पत्रक काढणाऱ्यालाच विचारायला हवं होतं.

मी परीक्षा विभागात कारकून आणि कर्मचारी संघटनेची सचिव. भांडायला मला आवडतं, लपवण्यात अर्थ नाही. दोन तास ऑनलाइन मीटिंगमध्ये घसा फोडून मी एक अट पदरात पाडून घेतली. रोज पाच वाजेपर्यंत ज्याच्या कामाचा अहवाल येईल, त्याचं पद शाबूत. मीटिंग संपल्यावर मी स्वयंपाकघरात अक्षरशः नाचले.

नवरा म्हणाला, "आणि हे चाळीस जण रोज लिहिणार काय?"

तेव्हा कुठे माझे पाय जमिनीवर आले.

मग सुरू झाला आमचा थापांचा कारखाना. घंटेवाल्यानं 'वेळापत्रकाचा अभ्यास' केला. भांडीवाल्या बायकांनी घरचेच पेले घासून 'स्वच्छतेच्या पद्धतींची तुलना' केली. दिवसभर फोन, मीच मजकूर सांगायचा, मीच तपासायचा, पाचाच्या आत सगळा गठ्ठा कार्यालयाला पाठवायचा. दूध रोज उतू जायचं आणि नवरा रोज शेगडी पुसायचा.

लिफ्टमनकाकांचं मात्र मी फार हुशारीनं जमवलं होतं. चार वर्षांपूर्वी नवी लिफ्ट बसली, तेव्हा तिचं माहितीपुस्तक त्यांच्या हातात दिलं होतं. पानं एकशे अठरा. मी म्हटलं, "काका, रोज एक पान वाचायचं आणि त्याचा सारांश लिहायचा. चार महिन्यांची निश्चिंती."

काकांनी ते मनावर घेतलं. या साथीत त्यांचा जावई गेला होता. लेक दोन मुलांना घेऊन माहेरी आलेली, आणि एवढ्या घरात कमावणारे काका एकटे. लेक वाचून दाखवायची, काका लिहून काढायचे. चाळिसांत खरं काम करणारा हा एकच माणूस.

एकसष्टाव्या दिवशी पाचाला दहा कमी असताना त्यांचा फोन आला. घंटेवाल्याचा अहवाल अजून व्हायचा होता.

"ताई, आजचं पान जरा अवघड आहे. काय लिहावं कळेना."

"काका, जे छापलंय ते उतरवा आणि पाठवा हो!" मी खेकसले.

त्यांनी उतरवलं. मी न वाचता पुढे पाठवलं.

पुढच्या सोमवारी कुलसचिवांनी मीटिंग बोलावली. चाळिसांचं कंत्राट वर्षभर वाढवायचं होतं, मसुदा तयार होता. सहीआधी त्यांनी चष्मा पुसला आणि एक कागद वाचायला घेतला.

"'आज पान एकसष्ट वाचले. या प्रकारची लिफ्ट प्रवासी स्वतः चालवू शकतात. तिला चालकाची गरज नाही.' खाली तुमच्या लिफ्टमनची सही आहे, बाई. आणि वर तुमचं पत्र."

लिफ्टचं दार आपोआप उघडतं, हे चार वर्षं साऱ्या विद्यापीठाला माहीत होतं. पण कागदावर कुठेही नव्हतं, आणि कागदावर नाही ते नाही, याच जोरावर मी आजवर कुलसचिवांना नमवत आले होते.

मी बोलत सुटले. चाकाच्या खुर्चीतल्या मुलीला काका चौथ्या मजल्यावर वर्गाच्या दारापर्यंत सोडून येतात. एका प्राध्यापकांना बंद जागेत धाप लागते, तेव्हा त्यांचा हात धरून उभे राहतात.

"हे कुठे लिहिलंय?" कुलसचिवांनी विचारलं. आवाज चढवला नव्हता. तेच जास्त लागलं.

मी एक दिवस मागितला. मिळाला नाही. एकोणचाळीस नावांचा नवा मसुदा पडद्यावर आला. आज संघटनेची सही, नाहीतर उद्यापासून चाळीसही जण बाहेर. मी हात जोडले. खरंच जोडले, कॅमेऱ्यासमोर. शेजारच्या चौकटींत माझ्या कार्यकारिणीच्या पाच माना खाली गेल्या. भांडीवाल्या बायकांपैकी दोघी विधवा आहेत, माळ्याला तीन मुली आहेत, हे मला पाठ होतं. काकांच्या घरचंही पाठ होतं.

मी सही केली.

मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. नवऱ्यानं दार वाजवलं नाही. बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "आत्ताच सांग. त्यांना पत्रातून कळायला नको."

फोन काकांनीच उचलला. मागे नातवंडांचा दंगा चालला होता. मी सगळं सांगितलं. एकोणचाळीस सांगितले, मसुदा सांगितला, माझी सही सांगितली. घाईत मी पान वाचलं नाही, तेही सांगितलं.

काकांनी मुलांना गप्प बसायला सांगितलं. शिव्या देतील तर बरं, असं मला झालं होतं.

"ताई, नोकरीवर गदा आली तर संघटनेकडे यायचं, असं तुम्ही मेंबर करताना सांगितलं होतं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, ते खरोखरच विचारत होते. "मग आता अर्ज कुणाकडे देऊ?"

"माझ्याकडेच द्या, काका," मी म्हणाले.