काशिरामने फोडलेला बांध

काशिरामच्या शेतातलं पाणी कधी घोट्याखाली गेलं नाही. हे त्याने स्वतःच इतक्यांदा ऐकवलं होतं, की पनवेलच्या बाजारातले तांदूळवालेसुद्धा ते पाठ म्हणून दाखवत. उन्हाळी भात, बोअरचं पाणी, पण शेत कसं काठोकाठ. त्याच्या तांदळाला नाव होतं ते काय उगाच?

त्याच तांदळात त्याच्या लेकीला आर्सेनिक हे विष सापडलं. माधुरी कॉलेजात रसायनशास्त्रात संशोधन करत होती आणि तपासायला तिने मोठ्या कौतुकाने घरचाच तांदूळ नेला होता. प्रमाण फार नव्हतं, पण असायला हवं त्यापेक्षा जास्तच होतं. काशिराम बरेच दिवस तिच्याशी धड बोलला नाही.

मग एकदा तिने भाताचं रोप उपटून त्याच्या हातात दिलं. मुळांवर तांबूस गंज होता. बोअरच्या पाण्यातून आर्सेनिक येतं, तिने समजावलं, आणि मातीतला लोखंडाचा गंज त्याला धरून ठेवतो. पण शेत सतत भरलेलं असलं की चिखलात हवा शिरत नाही, गंज विरघळतो आणि सुटलेलं आर्सेनिक मुळं पिऊन घेतात. अधूनमधून पाणी सोडून माती वाळू दिली, तर गंज पुन्हा धरतो आणि त्याला पकडतो. हे दाखवून द्यायचं तर भात पोटरीत येऊन कणसं धरायच्या आत पाणी सोडायला हवं होतं. नाहीतर तिचं वर्षाचं काम पाण्यात.

काशिराम कबूल झाला, पण आर्सेनिक हा शब्द घराबाहेर काढायचा नाही या अटीवर.

सकाळी त्याने बांध फोडला. दुपारी बघतो तर बांध बुजलेला, शेत तुडुंब. गावाची रीतच तशी. फुटलेला बांध ज्याच्या नजरेस पडेल त्याने बुजवायचा, मालकाला विचारत बसायचं नाही. शेजारच्या गोदूने मायेने बुजवला होता आणि वर पंपही चालू करून दिला होता. त्याने पुन्हा फोडला, तिने पुन्हा बुजवला. काशिरामला आता बांधही राखता येत नाही, अशी कुजबुज सुरू झाली. माधुरी भरल्या शेताकडे बघत उरलेले दिवस बोटांवर मोजत होती, ते काशिरामने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बांध फोडला. गोदू फावडं घेऊन धावली, तिच्यामागे आणखी चारजण. काशिराम फटीत पाय रोवून उभा राहिला.

“बुजवू नको, गोदूवयनी. माज्या तांदळात आर्सेनिक हाय, इख हाय.”

आयुष्यभर कमावलेलं नाव त्याने आपल्याच तोंडाने घालवलं होतं. शरमेने मान खाली जाईल असं त्याला वाटलं होतं, पण ती काही जाईना.

“माज्या पोरीनं शोदून काडलंय,” तो म्हणाला. “अन् उपायपन तिनंच सांगितलाय.”

मग त्याने गंजाचं, हवेचं, मुळांचं सगळं सांगितलं. थोडं उलटसुलट झालं, पण तांदळाची तारीफ करतानाही त्याची छाती कधी एवढी फुगली नव्हती.

गोदूने आपल्या भरलेल्या शेताकडे पाहिलं. दोघांचं बोअर एकच. तिने फावडं खाली ठेवलं.

“मंग माजं पानी कवा सोडू? इचार तुज्या पोरीला.”

माधुरी तिथेच, बांधाला लागून उभी होती. तरी काशिरामने अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल अशी तिला हाक मारली.