उखळातली करणी

दर गुरुवारी सकाळी आमच्या गावात बाटलीचं दर्शन असायचं. नदीकाठच्या पत्र्याच्या शेडीपुढं मुंगी शिरायला जागा उरत नसे. आजारी माणूस उपाशीपोटी येई, बुवांच्या हातचा अंगारा दुधातून पिई आणि उन्हं वर येईपर्यंत तिथंच बसून राही. मग त्याच्या हातात एक पांढरी स्वच्छ काचेची बाटली देऊन त्याला तट्ट्याच्या आड पाठवायचं. तो बाहेर आला की बुवांचा चेला ती बाटली उन्हात उंच धरायचा. आत दिसायचं पिवळंधमक पाणी, हळद कालवावी तसं. गर्दी हात जोडायची, बाया एकमेकींना धरून मागं सरायच्या.

"बघा, डोळं उघडून बघा," श्रीमंतबुवा पाटावरून सांगायचे. "करणी हाडात हुती. हाडातून रक्तात आणली, रक्तातून बाटलीत आणली. आता नदीत सोडा आन् घरी जाऊन गोडधोड खावा." एवढा गाड्या बदलत प्रवास आमच्या तालुक्याच्या एसटीलाही जमत नसे, पण करणीला तो एका सकाळीत जमायचा.

मी तेव्हा तिथल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होतो. साल एकाहत्तर. गाव नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या पश्चिमेला, भंडारदऱ्याच्या वाटेवर. नाव सांगत नाही. गुरुवारी माझ्या दवाखान्यात मी, कंपाउंडर आणि माश्या एवढेच असायचो. आडपडदा कशाला ठेवू, मला त्या बुवाचा हेवा वाटत होता. इतकी वर्षं पुस्तकं घोकून मी एका खुर्चीवर बसलो होतो, आणि त्या माणसाला पाटावर बसून सगळं गाव मिळालं होतं. त्यात आणखी एक गोष्ट मला झोपू देत नसे. त्याच्याकडे जाणाऱ्या काही लोकांना खरोखरच बरं वाटत होतं. पायाला मुंग्या येतात, तळवे जळतात, वहाण पायातून कधी निसटली ते कळत नाही, अशा तक्रारीचे लोक होते ते. त्यांच्या पायाला हळूहळू जाण येत होती. बुवा नुसता लबाड असता तर मी सुखानं हसलो असतो.

अशी तक्रार घेऊन आलेली पहिली होती भीमाबाई. तिचा नवरा मच्छिंद्र यानं वर्षापूर्वी इंजिनावर चालणारी भात सडायची गिरणी आणली. तोवर गावात घरोघर उखळात भात कांडत. गिरणीतून तांदूळ पांढराशुभ्र बाहेर पडू लागला आणि भीमाबाईचा रुबाब वाढला. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकर तिनं बंद केली. गिरणीवालीनं नागली खाल्ली तर गिरणीची काय शोभा? दोन्ही वेळा पांढरा भात, तोही चार पाण्यांनी खळखळून धुतलेला आणि पेज ओतून दिलेला. कोंडा म्हशीला. ज्या घरांना ऐपत होती त्यांनी तिचं पाहून तेच सुरू केलं.

पाय जड पडायला लागले तेव्हा मच्छिंद्रानं तिला आधी माझ्याकडेच आणलं होतं. मी तिला उकिडवं बसवलं तर हाताचा टेकू दिल्याशिवाय तिला उठता येईना. मी जीवनसत्त्व ब च्या गोळ्या दिल्या आणि मच्छिंद्राला बजावलं की लघवी पिवळी होईल, घाबरू नका, ते औषधच उतरतं, आणि घरात हातसडीचा तांदूळ आणि डाळी सुरू करा. असल्या गोष्टी बायकोशी काय बोलायच्या म्हणून मच्छिंद्रानं लघवीचं काहीच सांगितलं नाही आणि गिरणीच्या मालकाच्या घरात हातसडीचा तांदूळ शिजणं त्याला शोभेना. दुसऱ्या दिवशी पिवळा रंग पाहून भीमाबाईची पाचावर धारण बसली. डॉक्टरनं कावीळ केली असं तिनं गावभर सांगितलं आणि गोळ्या उकिरड्यावर गेल्या. पुढं ती बुवांकडं गेली आणि तोच रंग त्यांच्या शेडीत करणी म्हणून उन्हात मिरवला. माझा किती जळफळाट झाला असेल ते तुम्हीच समजा.

इथवर मी गप्पच होतो. पण करणी म्हटली की ती करणारा कुणीतरी लागतो, आणि बुवांनी तो शोधला.

मच्छिंद्राचा धाकटा भाऊ सहादेव भिंतीपलीकडे वेगळा राहत होता. वाटणीत त्याला डोंगराकडची जमीन आली आणि थोरल्याकडं आली पैसेवाली सासुरवाडी, तिच्या जोरावर गिरणी. सहादेवची बायको गोजर रोज पहाटे उखळात भात कांडायची. भिंतीच्या अलीकडे भीमाबाई पायात गोळे घेऊन पडलेली असायची आणि पलीकडून मुसळाचे ठोके यायचे, एकसारखे, न थकता. बुवांनी एवढंच विचारलं, "शेजारून कसला आवाज येतो, माय?" भीमाबाईनं सांगितलं. बुवांनी डोळे मिटले आणि उघडले. ती भात कांडत नाही, ते म्हणाले, ती तुझी पावलं कांडतेय.

झालं. गावाला एवढं पुरलं. गोजरला शेडीपुढं बोलावलं. बुवांनी सगळ्यांसमोर विचारलं की तू जावेवर जळतेस का नाही, आणि ती बाई सरळ "व्हय, जळते" म्हणाली. दुसरी कुणी असती तर देवाची शपथ घेऊन नाही म्हणाली असती. गोजरला खोटं बोलता येत नव्हतं, आणि गर्दीला कबुलीच पाहिजे होती. येत्या गुरुवारी तिनं उखळ खणून आणायचं, सगळ्यांदेखत फोडायचं आणि पोरांना घेऊन माहेरी निघून जायचं, परत यायचं नाही, असं ठरलं. गावच्या सरपंचांनी होकाराची मान हलवली. सहादेवची मान खालीच होती.

बुधवारी सहादेव माझ्याकडे आला. गोजरच्या कपाळावर कुणीतरी दगड मारला होता, त्याला पट्टीचं सामान हवं होतं. तो म्हणाला, "डाक्टर, ती रडत बी न्हाई. म्हनती, मुसळ मारताना माझ्या मनात थोरल्या बाईंचं नाव यायचं. मंग माझंच लागलं आसंल." मला त्या दगडापेक्षा हे जास्त लागलं. बाईला आता स्वतःचीच भीती वाटू लागली होती.

मी विचारलं की अंगाऱ्याची पुडी मिळेल का. त्याच्या खिशातच होती. भावजयीला बरं वाटावं म्हणून त्यालाच आणायला लावलेली. मी पुडी सोडली आणि नाकाशी नेली. गोवऱ्यांच्या राखेखाली दुसरा एक उग्र, आंबूस वास होता. दवाखान्यात जीवनसत्त्वाच्या गोळ्यांच्या बाटलीचं बूच काढलं की येतो तोच. राखेत बारीक पिवळे कण दिसत होते. बुवा या धंद्यात पडण्याआधी कुठल्याशा औषधाच्या दुकानात पुड्या बांधायला होता हे मला कंपाउंडरनं मागंच सांगितलं होतं. तेव्हा मी ते हेव्यापोटी ऐकून सोडून दिलं होतं.

गुरुवारी सकाळी मी शेडीत गेलो आणि बुवांपुढं हात जोडले. बुवांचा चेहरा असा काही फुलला की मला त्यांची कीव आली. मला जसा त्यांच्या गर्दीचा हेवा होता, तसा त्यांना माझ्या गळ्यातल्या नळीचा होता. डॉक्टर आपल्यापुढं वाकलेला त्यांना गावाला दाखवायचा होता. मी म्हणालो, मला काही आजार नाही, प्रसाद म्हणून अंगारा द्या. त्यांनी मूठभर दिला. मग मी सरपंचांना आणि मच्छिंद्राला म्हटलं की मी घेतो आणि तुम्ही मागं राहता हे बरं दिसत नाही. गर्दीसमोर दोघांना नाही म्हणता येईना. आम्ही तिघं दुधातून अंगारा प्यायलो आणि ऊन चढेपर्यंत बसून राहिलो.

उन्हं वर आली तेव्हा सहादेव उखळ घेऊन आला. मागं गोजर, कपाळाला पट्टी, पदर घट्ट धरलेला. भीमाबाईच्या तळव्यांना जाण येत होती, पण पायात जोर नव्हता; तिला खाटेसकट आणून पुढं बसवलं होतं. बुवांनी नारळ मागवला.

मी उठलो आणि म्हणालो, आधी आमच्या बाटल्या बघू.

चेल्याकडून मी बाटल्या घेतल्या. मी तट्ट्याआड जाऊन आलो, सरपंचांना पाठवलं, मच्छिंद्राला ढकललं. तीन बाटल्या मी स्वतः उन्हात धरल्या. तिन्ही पिवळ्याधमक. गर्दीत कुजबुज उठली आणि कुठंतरी एक बाई फिसकन हसली, कारण सरपंचांचा चेहराही त्याच रंगाचा झाला होता.

"डाक्टरवर बी करणी हाय," बुवा म्हणाले.

"आणि सरपंचांवर?"

"समद्यांवर. लई जळकी बाई हाय ती."

मी अंगाऱ्याची चिमूट त्यांच्यापुढं धरली आणि म्हणालो, "मग तुम्ही घ्या. तुमच्यावर तर कुणाची करणी चालत नाही. बाटली स्वच्छ निघाली तर मी दवाखान्याला कुलूप लावून तुमचा चेला होतो." बुवांना एकाएकी उपवासाची आठवण झाली. उपवासाला राख चालत नाही हा धर्म मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

मी खिशातून दवाखान्याच्या गोळ्यांची बाटली काढली. सगळ्यांसमोर त्याच उखळाच्या काठावर गोळ्या ठेचल्या, एका पानावर ती भुकटी आणि दुसऱ्या पानावर अंगारा ठेवून दोन्ही पानं गर्दीत फिरवली. पुरुष नुसते बघत राहिले. बायांनी वास घेतला. अंगाऱ्याचं पान भीमाबाईपाशी आलं तेव्हा ती बराच वेळ ते नाकाशी धरून बसली आणि हळू म्हणाली की मी उकिरड्यावर टाकल्या त्या गोळ्यांचा वास हाच.

मग मी सांगितलं. भाताच्या दाण्यावर जी तांबूस साल असते तिच्यात एक जीवनसत्त्व असतं, नसांना ते रोज लागतं. गिरणी ते खरवडून कोंड्यात टाकते, राहिलेलं तुम्ही चार पाण्यांत धुता आणि उरलंसुरलं पेजेबरोबर ओतून देता. म्हशी तरतरीत झाल्या, माणसांचे पाय बधिर झाले. बुवांच्या राखेत त्याच जीवनसत्त्वाच्या गोळ्या आहेत, म्हणून बरं वाटतं. पिवळा रंग त्याच औषधाचा. जास्त झालेलं औषध अंग तसंच बाहेर टाकतं, माणूस आजारी असो की धडधाकट. गोजरचे पाय धड आहेत, कारण ती अजून या उखळात भात कांडते, पेज पिते आणि नागली खाते.

मागून कुणीतरी म्हणालं की गुण येतो ना, मग गोळी म्हणा नाहीतर अंगारा, बिघडलं कुठं?

प्रश्न खोटा नव्हता. मी गर्दीतल्या साळूबाईला पुढं बोलावलं. तिच्या दंडावर फिका चट्टा होता, पावसाळ्यापासून ती दर गुरुवारी अंगारा घेत होती. मी तिला तोंड फिरवायला सांगून चट्ट्यावर गवताची काडी फिरवली. तिला कळलं नाही. या बधिरपणाला जीवनसत्त्वाचा काही उपयोग नाही, मी म्हणालो, हा वेगळा रोग आहे, याला वेगळं औषध आहे, आणि ते वेळेवर मिळालं तर हात वाकडा होत नाही. तिचे एवढे महिने राखेत गेले. हे एक बिघडलं. आणि दुसरं हे, असं म्हणून मी गोजरच्या कपाळाकडं बोट केलं.

तरी मच्छिंद्र हटेना. "पन ती जळते, ती सोता बोलली की," तो म्हणाला. गर्दीतल्या बऱ्याच माना होकारात हलल्या. गोळ्या कळल्या होत्या, पण माणूस दुसऱ्यावर जळतो आणि त्याचं काहीच होत नाही, हे त्यांना पटत नव्हतं. मी म्हणालो, या बुवांवर मी दिवसरात्र जळलो. त्यांच्या पायाला काय झालं? बघा, केव्हाचे चुळबुळ करताहेत. लोक हसले. पण हसणं म्हणजे पटणं नव्हे, हे मला कळत होतं. गोजर खाली बघत होती.

तेवढ्यात भीमाबाईनं खाटेची कड धरली आणि उठायचा प्रयत्न केला. तिला उठता आलं नाही. ती बसूनच बोलली.

"मी बी जळत हुते तिच्यावर," ती म्हणाली. "रोज पहाटं. मी पडलेली आन् तिचे ठोके ऐकू यायचे. माझ्या मनात यायचं, मुसळ निसटावं आन् तिच्या पायावर पडावं. रोज यायचं." ती गोजरकडे वळली. "पडलं का गं कधी?"

गोजरनं नाही म्हणून मान हलवली.

"मंग? माझं तुला लागलं न्हाई, तर तुझं मला कसं लागंल?"

इतकी पुस्तकं घोकलेला मी जे पटवू शकलो नव्हतो ते त्या बाईनं आपल्या मनातली घाण सगळ्यांसमोर ओतून पटवलं होतं, आणि खरं सांगतो, मला तिचाही हेवा वाटला. सरपंचांनी सहादेवला उखळ घरी न्यायला सांगितलं. नारळ बुवांच्या पुढ्यात तसाच राहिला. पुढच्या गुरुवारी शेडीत पाट नव्हता आणि बुवाही नव्हते. कोपरगावकडं त्यांना नवी गर्दी मिळाल्याचं कुणीसं सांगितलं.

साळूबाईला मी कुष्ठरोगाच्या औषधासाठी नगरला पाठवलं. भीमाबाई गोळ्या घेऊ लागली आणि जावेकडून हातसडीचे तांदूळ आणू लागली. पाय हळूहळू येऊ लागले. एक दिवस ती भिंत धरून ओट्यापर्यंत चालत आली. दोघींमध्ये प्रेमाचं भरतं आलं असं समजू नका. गिरणीचा गोजरला पुढंही हेवा वाटायचा, आणि ती तो लपवत नसे.

वाटू द्या. हेवा माणसाला वाटतोच, आणि ज्याला वाटतो त्यालाच तो पोखरतो. भिंतीपलीकडे तो जात नाही. पाय बधिर झाले तर ताटात काय आहे ते बघा, डॉक्टरला दाखवा, औषधानं काय होतं ते त्याला विचारा आणि तो सांगेल ते घरातल्या बाईलाही सांगा. शेजारणीकडे बघू नका. तिच्या हातात फक्त मुसळ आहे, आणि ती भात कांडते आहे.