नाकेदाराचे तीनशे दंड

माहा नवरा पत्रू जंगल खात्यात नाकेदार होता. रोज सकाळी तीनशे दंड मारे. बाही वर करून बेटकुळी दाखवे आन् म्हणे, "पन्नास वर्साचा झालो, पण आहे का कोनी असा?" मंग दिवसभर नाक्यावर खुर्चीत बसून लाकडाच्या गाड्या तपासे. प्यायचं पाणीबी मीच हातात नेऊन देत होती.

त्या चैतात चांद्याहून हुकूम आला. पन्नाशीच्या नाकेदारानं चार घंट्यांत पंधरा मैल चालून रेंज ऑफिस गाठायचं, नाई जमलं त घरी बसायचं. नोकरी गेली का सरकारी खोलीबी गेली, आन् गावात आमचं घर ना वावर.

"रोज थोडं चालून पाहा," मी म्हटलं.

"पाय झिजवू काऊन? राखून ठेवतो," म्हणे. आठ दिवस अंगणाबाहेर गेला नाई. परीक्षेच्या पहाटे त चारशे दंड मारले. म्हणे, अंग मोकळं झालं. काय बोलावं या माणसाले!

नाक्यावरच्या मुन्शी नानाजीनं घड्याळ पाहून सहाले त्याले सोडलं आन् आपण सायकलवर पुढं गेला. मी टोपल्यात भाकरी आन् पाण्याची गुंडी घेऊन मागं निघाली. मी काई दंड मारत नाई बाप्पा. मोहफुलं वेचाले, सरपनाले, बाजाराले, रोज पायीच. अंगानं काडी आहे, पण दम लागत नाई.

पहिले चार मैल माहा बुढा पळाल्यासारखा गेला. सातव्यावर धापा टाकाले लागला. दहाव्यावर पिंढऱ्यांत गोळे आले आन् सागाच्या बुडाशी बसला. डोळ्यांत पाणी. "धुरपते, गेलं सगळं."

मलेबी रडू आलं, पण राग जास्त आला. पाणी पाजलं, पिंढऱ्या रगडल्या, त्याचे जोडे काढून टोपल्यात टाकले. "उठा. रस्त्याकडं पाहू नका. माह्या टाचा पाहा आन् तेवढंच चाला." मी पुढं झाली. मोहफुलाले जाताना असते तीच चाल, जोरात नाई का हळू नाई.

दहाले सात मिनिटं कमी होते तवा ऑफिसचं फाटक लागलं.

साहेब खूश. "वा, पत्रूजी! या वयात एवढा दम? काय करता?"

बुढ्यानं छाती काढली. "तीनशे दंड, साहेब. रोज."

साहेबानं लिहून घेतलं. बाकीच्या नाकेदारांनाही सांगतो म्हणाला. डोक्यावर टोपलं घेऊन मी तिथीच उभी होती, माह्याकडं कोनी पाह्यलं नाई. असं वाटलं, ते गुंडी याच्या टाळक्यात घालावी.

बाहेर आल्यावर हा कुथत बसला. "धुरपते, घरी कसं जाचं? पाय उचलत नाई."

मी टोपल्यातले जोडे काढून त्याच्यापुढं ठेवले. "दंड मारत मारत या," म्हटलं आन् निघाली.

मैलभरावर नाल्यापाशी मात्र बसून राह्यली. नवरा आहे, टाकून कुठी जाता? बऱ्याच वेळानं तो लंगडत आला. मी उठली, टोपलं घेतलं, पुढं झाली. जरा वेळानं मागं वळून पाह्यलं, त बुढा मान खाली घालून माह्या टाचा पाहत चालून राह्यला होता.