कुलपातली गाणी

घशाचं ऑपरेशन झालं आणि किसन सकपाळांचा आवाज कायमचा गेला. आधी मस्जिद बंदरला आणि मार्केट वाशीला आल्यावर तिथं, या माणसानं उभा जन्म पाठीवर गोण्या वाहिल्या आणि गाणी रचली. चौदा एप्रिलच्या जयंतीचा कार्यक्रम त्यांच्या गाण्याशिवाय सुरू होत नसे. लिहिता येत नव्हतं, त्यामुळं कागदावर मात्र एक ओळ कधी उतरली नाही. आता ओठ हलत, पण शब्द बाहेर पडत नसे.

ते ओठ वाचायला फक्त त्यांच्या मुलीला, क्रांतीला, जमायचं. आई मुक्ताबाई आधीच गेलेली; घरात हे दोघंच. क्रांती जुईनगर स्टेशनजवळ सयाजी शिंद्यांच्या दुकानात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका आणि हँडबिलं करायची. दुपारी गिऱ्हाईक नसे, तेव्हा ती बाबांना दुकानात बोलवू लागली. बाबा शेजारच्या स्टुलावर बसून ओठांनी गाणं म्हणत, ती मोठ्यानं वाचत टाइप करी. चुकलं की ते तिच्या खांद्यावर टिचकी मारत. आपले शब्द पडद्यावर उमटताना बघून त्यांचा चेहरा असा काही खुलायचा, की सयाजी म्हणायचा, "किसनदादा, पुस्तकच काढू की आपण! कागद माझ्याकडनं."

एका दुपारी बाबांनी नवंच गाणं सांगितलं, आईवरचं. 'लसणाच्या वासाचा तुझा हात' अशी सुरुवात होती. मुक्ताबाई मार्केटात लसूण निवडायला जायची. क्रांतीचे डोळे भरून आले, तरी तिनं गाणं शेवटपर्यंत उतरवलं. बाबांचे ओठ हलले, "हे छापू नको. ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी."

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीआधी बाबांना पुन्हा ॲडमिट करावं लागलं. क्रांती हॉस्पिटलातच राहिली. त्याच सुमारास दुकानात नवी विंडोज आली. गिऱ्हाइकं आणत त्या नव्या फाइली जुन्या मशिनवर उघडत नव्हत्या, म्हणून सयाजीनं ते एक्स्चेंजमध्ये देऊन नवं घेतलं. क्रांतीच्या फाइली त्यानं आठवणीनं फ्लॉप्यांवर उतरवून घेतल्या. मराठी सॉफ्टवेअरचं कुलूपही काढून ठेवलं.

कुलूप म्हणजे कॉम्प्युटरच्या मागे, प्रिंटरच्या जागी खोचायचा बोटभर ठोकळा. तोच त्या सॉफ्टवेअरचा परवाना. तो असेल तरच सॉफ्टवेअर चाले, आणि त्यात केलेली फाइलही त्याच्याशिवाय उघडत नसे.

बाबांना घरी सोडल्यावर क्रांती दुकानात परत आली, तिनं ठोकळा खोचला. काहीच झालं नाही. त्याची मशिनला ओळख करून देणारा ड्रायव्हर जुन्या विंडोजपुरताच लिहिलेला होता. तशीच फाइल उघडली तर पडद्यावर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. सॉफ्टवेअर करणाऱ्या पुण्याच्या कंपनीला फोन लावला, तर नंबरच बंद. जुनं मशिन नेणारा डीलर तुर्भ्याला होता. तो म्हणाला, "मॅडम, ते आणलं त्याच दिवशी फॉरमॅट मारलं. विकलंपण." सॉफ्टवेअर दुसऱ्या जुन्या मशिनवर घालावं, तर त्याच्या मूळ फ्लॉप्यांना बुरशी लागलेली. वाशीच्या एका प्रेसमध्ये तेच सॉफ्टवेअर होतं, ती कुलूप घेऊन तिथं गेली. पण तिथल्या प्रतीला तिथल्याच नंबरचं कुलूप लागे.

शेवटी तिनं नव्या विंडोजमधलं फाइंड उघडलं, नव्या मराठी फॉन्टमध्ये 'लसणाच्या' टाइप केलं आणि एकेका फ्लॉपीत ते शोधायला लावलं. पडद्यावरचं भिंग गोल गोल फिरत राहिलं. सापडलं काही नाही. सापडणारही नव्हतं; मशिनच्या लेखी जुना ल आणि नवा ल यांचं काही नातंच नव्हतं.

सयाजी मागे उभा होता. "माझ्यामुळं झालं गं हे सगळं."

"तुम्ही काय करणार, दादा? तुम्ही तर जपूनच ठेवलंत."

घरी तिनं बाबांना सांगितलं. ते हसले. ओठ हलले, "मंग काय झालं? पुन्ना सांगतो."

आणि ते पुन्हा सांगू लागले. अंथरुणावर पडल्या पडल्या, दमत, थांबत. काही गाणी जशीच्या तशी आली, काहींची कडवी गळाली. क्रांतीनं आईवरच्या गाण्याचं विचारलं. 'लसणाच्या वासाचा तुझा हात' इथवर ओठ आले आणि थांबले. पुन्हा तिथवर आले, पुन्हा थांबले. मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. खांदे हलत होते.

क्रांतीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "राहू द्या, बाबा. ते सापडलंय मला. कॉम्प्युटरमध्ये आहे."

त्यांनी वळून तिच्याकडे बघितलं. पटलं असावं. डोळे मिटून ते शांत पडून राहिले.

जानेवारीत बाबा गेले. जेवढी गाणी पुन्हा मिळाली, त्यांची सयाजीनं पुस्तिका छापली आणि बाबांच्या स्मरणार्थ झालेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी स्वतः वाटली. ती वाचून पुढच्या आठवड्यात सिताराम दुकानात आला. मार्केटात बाबांच्या जोडीनं गोणी उचलणारा हा माणूस. म्हणाला, "पोरी, यात लई गानी न्हाईत. मला येतात. लिव्हून घे."

तो गात गेला, ती टाइप करत गेली. संध्याकाळ झाली तेव्हा तिनं विचारलं, "काका, आईवरचं एक होतं. लसणाच्या वासाचा..."

सितारामनं आठवून आठवून पाहिलं. "वैनीवर? न्हाय गं. आमच्याम्होरं किसननं वैनीचं कधी नावबी न्हाय काढलं."

क्रांतीनं फाइल सेव्ह केली.

"बरं, काका. आणखी कुठलं आठवतंय?"

सितारामनं मांडीवर ताल धरला आणि गोण्यांवरचं गाणं सुरू केलं.